मूत्राशयातला पांढरा गाळ : पाच वर्षांच्या जाईचे प्रकरण

पुण्याच्या उपनगरात एका कुटुंबात वाढलेल्या मादी सशाचे हे प्रकरण आहे. कुटुंबाच्या संमतीने लिहिले असून ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. सशाचे नावही बदलले आहे, इथे तिला जाई म्हणू. पाळीव सशांची घरी देखभाल कशी करावी याबाबत मी कुटुंबांना मदत करते. मी पशुवैद्य नाही. त्यामुळे औषधांच्या मात्रा इथे दिलेल्या नाहीत, आणि त्या कोणी अंदाजाने ठरवूही नयेत.

सशाला लघवीचा त्रास झाला की आधी जंतुसंसर्ग धरला जातो आणि अँटिबायोटिक सुरू होते. जाईला संसर्ग नव्हताच. तिच्या त्रासाचे मूळ वैरणीत, पिंजऱ्यात आणि दुखऱ्या कमरेत होते. या तिन्हींकडे एकत्र पाहिले गेले तेव्हाच ती सावरली, म्हणून हे सगळे सविस्तर मांडते आहे.

पार्श्वभूमी

जाई पांढरी, लाल डोळ्यांची, बाजारात सर्रास मिळते त्या जातीची. दीड महिन्याची असताना घरात आली, तेव्हा घरातल्या आजींची नात शाळेत होती. नसबंदी केलेली नव्हती; सशाची नसबंदी करतात हेच घरात कोणाला माहीत नव्हते. त्रास सुरू झाला तेव्हा वय पाच वर्षे, वजन ३.१ किलो. हात फिरवला तर बरगड्या लागत नव्हत्या आणि हनुवटीखाली मांसाची जाड वळी आली होती.

दिवसाचा बराचसा वेळ बाल्कनीतल्या तारेच्या पिंजऱ्यात जायचा. संध्याकाळी नात कॉलेजातून आली की तासभर हॉलमध्ये मोकळीक. पाण्याला पिंजऱ्याच्या जाळीला अडकवलेली, नळीच्या टोकाला गोळी असलेली बाटली. खाण्यात मुख्य वैरण लसूणघास, म्हणजे अल्फाल्फा हा हिरवा चारा. जवळच्या गोठ्यावरून आजी रोज सकाळी एक पेंढी आणायच्या. जोडीला वाटीभर पेलेट्स (तयार खाद्याच्या दाबून केलेल्या गोळ्या), गाजर, कोथिंबिरीच्या काड्या, आणि चहाच्या वेळी बिस्किटाचा तुकडा. सशांसाठी वाळवून विकतात ते टिमथी गवत एकदा मागवून पाहिले होते, पण पाकीट महाग आणि जाईने त्याला तोंडही लावले नाही. समोर ताजा, गोडसर लसूणघास असताना कुठलाही ससा कोरड्या काडीकडे वळत नाही, हे मी अनेक घरांत पाहिले आहे.

आजींच्या मनात शंका नव्हती आणि त्याला कारणही होते. पुढे तपासणीच्या वेळी त्या म्हणाल्या, “अहो डॉक्टर, लसूणघास घातला की गाईचं दूध वाढतं. इतकं कसदार खाणं, त्यानं सशाला कसा त्रास होईल?”

लसूणघास कसदार आहे, यात वाद नाही. वाळलेल्या लसूणघासात कॅल्शियम साधारण १.२ ते १.५ टक्के असते. टिमथीसारख्या गवतात त्याच्या एक तृतीयांशाच्या आसपास. दुभत्या गाईचे कॅल्शियम दुधावाटे जाते. वाढत्या वयाच्या, गाभण किंवा पिले पाजणाऱ्या सशालाही ते उपयोगी पडते. पण पाच वर्षांच्या, बसून असलेल्या जाईच्या शरीराला त्या जादा कॅल्शियमचे करण्यासारखे काही नव्हते.

इथे सशाच्या शरीराची रीत समजून घ्यावी लागते. बहुतेक सस्तन प्राण्यांचे आतडे गरजेपुरतेच कॅल्शियम उचलते आणि उरलेले विष्ठेवाटे निघून जाते. सशाचे आतडे जेवढे खाण्यात येईल त्या प्रमाणात उचलत जाते, आणि जादा झालेले मूत्रपिंडांना बाहेर टाकावे लागते. इतर प्राण्यांत लघवीवाटे टाकल्या जाणाऱ्या कॅल्शियमचा वाटा २ टक्क्यांहूनही कमी असतो, सशात तो ४५ ते ६० टक्के धरतात. म्हणूनच निरोगी सशाची लघवीही थोडी गढूळ असते आणि फरशीवर वाळली की पांढुरका डाग राहतो. ससा भरपूर पाणी पीत असेल, हिंडत-फिरत असेल आणि मूत्राशय दर वेळी पुरते रिकामे होत असेल, तर ही पांढरी भुकटी लघवीबरोबर वाहून जाते. यातले एक जरी बिनसले तरी ती तळाशी बसू लागते.

त्रास कसा सुरू झाला

एप्रिल-मेच्या उन्हात बाल्कनी तापायची. सशाला २८-३० अंशांपुढचा उकाडा सोसत नाही. जाई दुपारी पिंजऱ्याच्या कोपऱ्यात पसरून पडायची. बाटलीतले पाणी कोमट व्हायचे आणि किती प्यायली याचा हिशेब कोणी ठेवत नव्हते. बाटली रोज भरली जायची, पण त्यातले थोडे गळायचे, थोडे संपायचे.

मेच्या अखेरीस फरशीवरचे डाग जाड होऊ लागले. फडक्याने पुसले तर खडूच्या भुकटीसारखा कण हाताला लागायचा. मग जाई ट्रेच्या बाहेर लघवी करू लागली. घरच्यांना वाटले, ती रुसली आहे. पुढच्या आठवड्यात मागच्या पायांमधली लव सतत ओली दिसू लागली, उग्र वास येऊ लागला, आणि नातीच्या एक गोष्ट लक्षात आली: जाई ट्रेमध्ये जाऊन पाठीची कमान करून, शेपटी वर धरून बराच वेळ बसते, कुंथते आणि चार थेंब टाकून बाहेर येते. ट्रेच्या कडेला जे उरायचे ते लघवीसारखे पातळ नव्हतेच. फडक्यात बांधलेल्या दह्याचा चक्का बोटाने पसरावा तसा पांढरा, दाट लेप होता.

पहिला उपचार

घराजवळच्या दवाखान्यात मुख्यतः कुत्री-मांजरे यायची. तिथे लघवी तपासली. अहवालात पीएच ८.५ आणि ‘क्रिस्टल्स भरपूर’ या दोन्ही ओळी ठळक अक्षरांत छापून आल्या. कुत्र्याच्या अहवालात त्या ठळक असायलाच हव्यात. सशाची लघवी मात्र मुळातच अल्कधर्मी असते, पीएच ८ ते ९, आणि कॅल्शियम कार्बोनेटचे स्फटिक निरोगी सशातही सापडतात. जिवाणू वाढतात का हे पाहणारी कल्चर तपासणी झाली नाही. संसर्ग धरून अँटिबायोटिक सुरू झाले.

एक सांगायलाच हवे: दिलेले औषध सशाला चालणारे होते. तोंडावाटे दिलेले अमॉक्सिसिलीन, क्लिंडामायसिन, लिंकोमायसिन यांसारखी औषधे सशाच्या आतड्यातले उपयोगी जिवाणू मारतात आणि त्याने ससा दगावू शकतो. तो धोका त्या डॉक्टरांनी टाळला होता.

औषध चालू असताना जाई जराशी हुशार झाली. कुंथणे कमी झाले, ती खाऊ लागली. संपल्यावर आठवड्याभरात सगळे परत आले. मग दुसरा कोर्स. या मधल्या सुधारणेने सगळ्यांची दिशाभूल केली. औषधाबरोबर वेदनाशामकही दिले होते, आणि माझ्या मते आराम त्याचा होता. दुखणे कमी झाले की ससा हिंडतो, पाणी पितो, लघवी मोकळी करतो. पण श्रेय गेले अँटिबायोटिकला, म्हणून तेच पुन्हा दिले गेले. या सगळ्या दिवसांत लसूणघासाची पेंढी रोज येतच होती. ती काय खाते, हे दवाखान्यात कोणी विचारले नाही आणि घरच्यांनीही सांगितले नाही.

लाल लघवी

दुसरा कोर्स संपत आला असताना एका सकाळी ट्रेमध्ये विटेच्या रंगाचे डबके दिसले. नातीने फोटो पाठवला आणि लगेच फोन केला: “ताई, रक्त आहे हो. आम्ही काय करू?”

सशाची लाल लघवी दर वेळी रक्ताची नसते. पाल्यातल्या आणि शरीरात तयार होणाऱ्या रंगद्रव्यांमुळे ती पिवळीपासून नारिंगी आणि थेट विटकरी होऊ शकते. खाण्यातला बदल, ताण, अँटिबायोटिक यांनीही रंग पालटतो. ससा खेळता, खाता असेल आणि रंग सगळीकडे एकसारखा असेल, तर एखाद दिवस वाट पाहायला हरकत नसते. पण जाई कुंथत होती. शिवाय ती नसबंदी न झालेली, पाच वर्षांची मादी. अशा मादीत गर्भाशयाच्या कर्करोगाचा धोका वयाबरोबर झपाट्याने वाढतो, आणि त्यातून येणारे रक्त लघवीत मिसळून दिसते. थांबण्यात अर्थ नव्हता. सशांवर नियमित उपचार करणाऱ्या पशुवैद्यांकडे त्याच दिवशी जायचे ठरले. अंतर लांबचे होते. प्रवासात वाहकपेटीत ओला टॉवेल, पाण्यात भिजवलेली कोथिंबीर आणि गाडीत एसी, एवढी तयारी केली.

तपासण्यांत काय दिसले

डॉक्टरांनी पहिली दहा मिनिटे जाईला हातही लावला नाही. काय खाते, किती, पाणी कशातून पिते, दिवसभर कुठे असते, उडी मारते का, स्वतःला चाटून स्वच्छ करते का, लेंड्या केवढ्या असतात. ‘उडी मारते का’ यावर घरातले एकमेकांकडे पाहू लागले. सोफ्यावर चढणे तिने कधीच सोडले होते. वय झाले म्हणून, असे सगळ्यांनी धरले होते.

पोट हलक्या हाताने चाचपल्यावर मूत्राशय पिठाच्या गोळ्यागत दबत होते आणि बोटाचा खळगा राहत होता. एक्स-रेमध्ये ते अख्खे पांढरे शुभ्र उमटले. कॅल्शियममुळे सशाचे मूत्राशय थोडे पांढरट दिसतेच, पण इथे त्याची घनता शेजारच्या मणक्यांच्या बरोबरीची होती. वेगळा खडा आहे का हे त्या पांढऱ्यात कळेना, म्हणून सोनोग्राफी केली. मूत्राशयात सुटा खडा नव्हता, गाळ होता. मूत्रपिंडे आणि मूत्रवाहिन्या मोकळ्या होत्या. गर्भाशयात गाठ दिसली नाही.

लघवीच्या पट्टीवर रक्ताची खूण आली, म्हणजे त्या सकाळच्या लालीत काही भाग तरी रक्ताचाच होता. गर्भाशय ठीक दिसत असल्याने ते खरखरीत गाळाने सोललेल्या मूत्राशयाच्या अस्तरातून येत असावे, असा डॉक्टरांचा निष्कर्ष. रक्ततपासणीत मूत्रपिंडांचे काम समाधानकारक. कॅल्शियमचा आकडा प्रयोगशाळेने पुन्हा ‘जास्त’ म्हणून दाखवला होता, पण सशाच्या रक्तात ते इतर प्राण्यांपेक्षा जास्तच असते. तो आकडा बाजूला ठेवला गेला.

त्याच एक्स-रेच्या वरच्या कडेला आणखी एक गोष्ट होती, आणि माझ्या दृष्टीने या प्रकरणाची किल्ली तिथे होती. कमरेच्या दोन-तीन मणक्यांच्या कडांना हाडाची चोच आली होती. झिजलेली, दुखरी कंबर. लघवी करताना ससा मागचा भाग उचलतो आणि शेपटी वर करतो. कंबर दुखत असेल तर तो ती मुद्रा पुरती घेत नाही किंवा लवकर सोडतो, आणि मूत्राशय अर्धवट भरलेले राहते. वरचे पाणी निघून जाते, जड गाळ तळाशी राहतो. वजन आणि पिंजरा कंबर बिघडवत होते, कंबर लघवी अडवत होती, आणि वरून लसूणघास रोज नवी भर घालत होता.

पर्याय

डॉक्टरांनी घरच्यांसमोर चार वाटा ठेवल्या आणि प्रत्येकीचा धोका सांगितला.

तिसऱ्यांदा अँटिबायोटिक देणे ही पहिली. ती लगेच बाद झाली, पण संसर्ग नाहीच असे गृहीतही धरले नाही. लघवीचा नमुना कल्चरला पाठवायचा ठरला. जाईने नुकतेच अँटिबायोटिक घेतले असल्याने निकाल खोटा ‘निरंक’ येऊ शकतो, हे डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवले.

दुसरी, सलाईन आणि वेदनाशामक देऊन, पाणी वाढवून, खाणे बदलून वाट पाहणे. गाळ कमी असेल तेव्हा ही सर्वांत सौम्य आणि बऱ्याचदा पुरेशी वाट. सूनबाईंचा कल इकडे होता; भूल द्यायची म्हटली की त्यांचा जीव खालीवर व्हायचा. ती भीती रास्त होती. भुलेचा धोका सशात कुत्र्या-मांजरांपेक्षा जास्त असतो.

तिसरी, भूल देऊन मूत्रमार्गातून नळी घालणे आणि कोमट सलाईनने मूत्राशय वारंवार धुऊन गाळ बाहेर काढणे. मादीत मूत्रमार्ग आखूड आणि रुंद असल्याने हे नरापेक्षा सोपे जाते. धोका भुलेचा, आणि जोर जास्त लागला तर मूत्राशयाला इजा होण्याचा.

चौथी, पोट उघडून मूत्राशयावर शस्त्रक्रिया. खडा असेल तर तीच करावी लागते. घरातल्या वडिलांचे म्हणणे होते की एकदाच काय ते उघडून साफ करा आणि त्याच वेळी गर्भाशयही काढा. ऐकायला हे सोयीचे वाटते. पण सुटा खडा नसताना पोट उघडण्याचा लाभ धुण्यापेक्षा फारसा जास्त नव्हता. जाई जाड होती, थकलेली होती आणि भुलेचा कालावधी दुपटीने वाढला असता. आणि खाणे बदलले नाही तर शस्त्रक्रियेनंतरही गाळ पुन्हा साठतोच.

खरी निवड दुसऱ्या आणि तिसऱ्या वाटेत होती. मूत्राशय गच्च भरलेले होते, लघवी थेंबाथेंबाने होत होती आणि अस्तरातून रक्त येत होते. आठवडाभर वाट पाहताना लघवी पूर्ण अडली असती तर तेव्हा भूल देणे आजच्यापेक्षा कितीतरी धोक्याचे ठरले असते. घरच्यांनी तिसरी वाट निवडली. एक दिवस सलाईन आणि वेदनाशामक देऊन तिला आधी सावरायचे आणि दुसऱ्या दिवशी धुवायचे, असे ठरले.

प्रत्यक्ष उपचार

आदल्या रात्री नातीचा प्रश्न होता, उपाशी ठेवायचे ना? माणसाच्या आणि कुत्र्याच्या शस्त्रक्रियेमुळे ही समजूत पक्की आहे. सशाला उलटी होतच नाही, आणि त्याचे आतडे रिकामे राहिले तर ते थांबते. त्यामुळे जाईला भुलेच्या जरा आधीपर्यंत गवत आणि पाला समोर होता. फक्त तोंडात घास राहू नये म्हणून शेवटी तो काढून घेतला.

धुताना पहिल्या दोन-तीन वेळा नळीतून पिठूळ पांढरे पाणी आले, मग दाट लेप, मग वाळूसारखे कण. डॉक्टर सलाईन आत सोडायचे, पोट बाहेरून अलगद हलवून तळचा गाळ उठवायचे आणि ओढून घ्यायचे. पाणी बरेचसे स्वच्छ येईपर्यंत हे चालले. सगळा गाळ निघाला नाही, आणि तो शेवटच्या कणापर्यंत काढायचा हट्ट डॉक्टरांनी धरला नाही. सुजलेल्या अस्तराला त्याहून जास्त छेडणे योग्य नव्हते.

शुद्धीवर आल्यावर तिला उबेत ठेवले, तासाभरात कोथिंबीर समोर धरली. तिने एक काडी ओढली. संध्याकाळी पहिली लघवी झाली, गुलाबीसर पण धारेने. कल्चरचा अहवाल पुढे निरंक आला आणि नवे अँटिबायोटिक दिले गेले नाही.

घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी कसोटी लागली. रात्री जाईने खाणे सोडले. ट्रेमध्ये लेंड्या मोजक्या आणि मिरीएवढ्या बारीक. वडील म्हणाले, सकाळी बघू. नातीने ऐकले नाही आणि दवाखान्याच्या रात्रीच्या नंबरवर फोन लावला. तिचा हा निर्णय मला फार मोलाचा वाटतो. बारा तास न खाल्लेला ससा हा सकाळपर्यंत थांबायचा विषय नाही. दुखण्याने किंवा ताणाने आतडे मंदावले की ससा खात नाही, न खाल्ल्याने ते आणखी मंदावते. डॉक्टरांच्या सांगण्यावरून तिने पेलेट्स कोमट पाण्यात भिजवून, गाळून, सिरिंजने गालाच्या कडेने थोडे थोडे भरवले. आधी पोट फुगून टणक झालेले नाही ना, हे डॉक्टरांनी तिच्याकडून फोनवर तपासून घेतले. फुगलेल्या पोटात भरवणे घातक ठरू शकते. वेदनाशामकाची राहिलेली मात्रा दिली. पहाटे लेंड्या पडल्या, आणि दिवस उजाडताच जाईला दवाखान्यात दाखवूनही आणले.

घरातले बदल

लसूणघास एका झटक्यात बंद केला नाही. सशाच्या आतड्याला अचानक बदल मानवत नाही. पेंढीतला वाटा कमी करत त्यात गवत मिसळत नेले, दोन-अडीच आठवड्यांत लसूणघास पूर्ण थांबला. टिमथी रोज परवडणार नव्हते आणि त्यावर अडून बसायचे कारणही नव्हते. वाळलेले ओटचे गवत मोठ्या पोत्याने घेतले तर बरेच स्वस्त पडते. ते मुख्य झाले. जोडीला हरळी. फुलबाजारात पूजेसाठी दूर्वा विकतात तीच ही. स्वच्छ धुऊन, ओलीच घालायची. सोसायटीच्या बागेतली मात्र घ्यायची नाही, असे ठरवले, कारण तिथे फवारणी होते.

इथे आजींचे खूप काम झाले. लसूणघास बंद म्हणजे आपल्या मायेवर बोट ठेवले, असे त्यांना सुरुवातीला वाटले. डॉक्टरांनी त्यांना एक्स-रे दिव्यावर धरून दाखवला आणि म्हणाले, “आजी, ही पांढरी पिशवी दिसते ना? हे तिला नको असलेलं कॅल्शियम.” त्या बराच वेळ पाहत राहिल्या. दुसऱ्या दिवसापासून हरळी निवडायचे काम त्यांनी स्वतःकडे घेतले, आणि बिस्किटही त्यांनीच बंद केले.

पेलेट्स वाटीभरावरून दिवसाला दोन चमच्यांवर आणल्या, त्याही गवतापासून बनवलेल्या. कोथिंबीर मात्र बंद केली नाही. कॅल्शियमच्या भीतीने घरोघरी सगळ्या पालेभाज्या बंद करतात, ते मला पटत नाही. ओल्या कोथिंबिरीत बहुतांश पाणीच असते आणि ते पाणी लघवी पातळ करते. शेवग्याचा पाला, राजगिरा यांत कॅल्शियम खूप, ते टाळावे. कॅल्शियम अगदी तोडणेही बरोबर नाही, कारण सशाचे दात आयुष्यभर वाढत असतात आणि त्यांना, हाडांना ते लागते.

बाटली काढून जड मातीचे पसरट भांडे ठेवले. ससा नळीपेक्षा उघड्या भांड्यातून जास्त पाणी पितो, कारण मान खाली घालून पिणे ही त्याची सवय. दोन किलोचा ससा दिवसाला दहा किलोच्या कुत्र्याइतके पाणी पिऊ शकतो, हे ऐकून घरचे चकित झाले. भांडे दोन केले, एक हॉलमध्ये, एक ट्रेजवळ. पाला पाण्यातून काढून निथळत तसाच द्यायचा. सुरुवातीचे काही आठवडे कातडीखाली सलाईन द्यावे लागले. आधी दवाखान्यात, मग नात शिकली: खांद्यांच्या मधली कातडी चिमटीत उचलायची, तिथे तंबूसारखी पोकळी होते, तिच्या पायथ्याशी सुई. पहिल्यांदा तिचे हात थरथरले, नंतर जाई तिच्या मांडीवर हरळी चघळत असतानाच ते उरकू लागले.

पिंजरा बाल्कनीतून हलला आणि त्याचे दार उघडेच राहू लागले. गुळगुळीत फरशीवर पाय घसरून कंबर आणखी दुखते, म्हणून हॉलभर जाड सतरंज्या. ट्रेची एक बाजू कापून कड खाली केली. कमरेसाठी वेदनाशामक डॉक्टरांच्या देखरेखीखाली चालूच आहे, मधून मधून मूत्रपिंडांची तपासणी करून.

तेव्हा जुलै सुरू होता. ओल्या, वास येणाऱ्या लवेवर पावसाळ्यात माशी अंडी घालते आणि एका दिवसात अळ्या कातडीत शिरू शकतात. लघवीने भाजलेली जागा रोज दोनदा पाहणे, तेवढाच भाग कोमट पाण्याने पुसून पूर्ण कोरडा करणे, भोवतालचे केस दवाखान्यात कापून घेणे, हे काटेकोर पाळले. पूर्ण आंघोळ सशाला कधीच घालायची नाही. तो घाबरून गारठतो.

परिणाम

दोन आठवड्यांनी एक्स-रेमध्ये तळाशी पातळ पट्टा उरला होता. दोन महिन्यांनी तोही फिका झाला. वजन पाच महिन्यांत २.७ किलोवर आले. दिवाळीच्या सुमारास नातीने व्हिडिओ पाठवला, त्यात जाई सोफ्यावर होती.

त्रास कायमचा संपलेला नाही. पुढच्या उन्हाळ्यात फरशीवरचे डाग पुन्हा जाड दिसू लागले. या वेळी घरच्यांनी ते पहिल्याच आठवड्यात ओळखले, कारण आजी ट्रेखाली काळा कागद घालतात आणि रोज पाहतात. पांढरे त्यावर लगेच कळते. काही दिवस सलाईन आणि पाल्याचे प्रमाण वाढवून निभावले, धुवावे लागले नाही.

काय वेगळे करता आले असते

पहिल्याच भेटीत एक साधा एक्स-रे झाला असता तर दोन कोर्स आणि जवळपास महिनाभराचे दुखणे वाचले असते. कुंथणारा ससा आला की एक्स-रे आधी, असे मी आता प्रत्येक कुटुंबाला सांगते. जवळ सशांचे डॉक्टर नसले तरी एक्स-रे कुठेही निघतो आणि तो फोनवरून जाणत्या डॉक्टरांना दाखवता येतो. तसेच कल्चर अँटिबायोटिकच्या आधी व्हायला हवे होते. नंतरच्या निरंक अहवालावर पूर्ण विसंबता येत नाही. नवे अँटिबायोटिक न देताही जाई बरी झाली, त्यावरून संसर्ग नव्हता असे आपण म्हणतो.

खाण्याची चौकशी ही डॉक्टरांची जबाबदारी खरीच, पण घरच्यांनीही ती यादी लिहून न्यावी. वैरण, पेलेट्सच्या पिशवीचा फोटो, पाण्याची व्यवस्था. जाईच्या बाबतीत दवाखान्यातल्या कोणालाही ‘रोज लसूणघास’ हे दोन शब्द कळले असते तर विचाराची दिशा बदलली असती.

धुण्याच्या निर्णयाबद्दल माझ्या ओळखीच्या दुसऱ्या एका पशुवैद्यांचे मत वेगळे आहे. त्यांच्या मते तीन-चार दिवस सलाईन आणि चांगले वेदनाशामक देऊन पाहायला हवे होते. कंबर मोकळी झाल्यावर बराच गाळ आपोआप उतरला असता. हे अशक्य नाही, आणि रक्त येत नसते तर मीही तेच सुचवले असते. रक्त आणि थेंब थेंब लघवी, दोन्ही एकत्र असताना थांबणे मला आजही पटत नाही.

सर्वांत आधी टाळता आली असती ती गोष्ट याहून जुनी आहे: सोफ्यावर चढणे बंद झाले तेव्हा ते म्हातारपण समजले गेले नसते, आणि वेळीच नसबंदी झाली असती. आता सहा वर्षांची, दुखऱ्या कमरेची जाई भुलेला कितपत तोंड देईल हा प्रश्न आहे, आणि गर्भाशय तसेच ठेवण्याचा धोकाही आहे. घरच्यांनी सध्या दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करायचे ठरवले आहे. गर्भाशयात थोडाही बदल दिसला तर लगेच शस्त्रक्रिया, ही तयारी ठेवून. वडिलांना अजूनही वाटते की ती आताच करून टाकावी. पुढची सोनोग्राफी पावसाळ्यानंतर आहे, तेव्हा डॉक्टरांसमोर बसून यावर पुन्हा बोलणे होईल.